जनुकांच्या जाळ्यातील कर्ता

वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन जेथे प्राणहिता वाहू लागते, त्या मुलखात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनप्रधान जिल्हे वसले आहेत. १९८२ सालच्या ऑगस्ट महिन्यापर्यंत हा सारा प्रदेश एकाच जिल्ह्यात मोडत असे. जुन्या पिढीच्या तोंडी त्याचे नाव चांदा असेच होते. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या या प्रदेशाची आठवण शहरातील सुशिक्षितांना बहुधा ताडोब्याच्या वाघांमुळे होते. परंतु या वनांत राहणाऱ्या गोंड, माडिया, परधान, हलबा इत्यादी समाजांतील आणि त्यांच्या शेजारी नांदणाऱ्या इतर अनेक समाजांतील कित्येक घरांत एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्याची वार्ता वाघांइतकी दूर पोचलेली नाही. त्या आजारास आता गावोगावी ‘सिकलसेल’ याच इंग्रजी नावाने ओळखतात. रक्तातील गोल, लवचीक तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे, सांधे व पोट यांत असह्य वेदना उठतात. रक्त कमी होते, प्लीहा बिघडते, आणि साधा ज्वरही लहान मुलाच्या जिवावर बेततो.

या आजाराचे मूळ शास्त्रज्ञांना चांगले ठाऊक आहे. १९१० साली शिकागो येथील डॉक्टर हेरिक यांनी या वाकड्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी हा रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार असल्याचे दाखविले, आणि १९५७ सालापर्यंत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्या रेणूतील नेमकी जागा हुडकून काढली. बीटा-ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या १४६ मण्यांच्या माळेत सहाव्या जागी एका मण्याऐवजी दुसरा ओवला जातो, आणि त्याचे कारण म्हणजे अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात बदललेले एकच अक्षर. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत आढळला, आणि १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाचे वृत्त ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिले.

एवढे सारे कळल्यावर प्रश्न संपला असे कोणासही वाटेल. वस्तुतः खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. एकाच आईबापांच्या पोटी दोन मुले जन्मतात. दोघांच्याही वाट्यास आईकडून आणि बापाकडून तेच चुकलेले अक्षर येते. तरीही थोरला वर्षातून चार वेळा वेदनांनी तळमळत रुग्णालयात नेला जातो, आणि धाकटी शाळेत जाते, खेळते, व तिला आपल्या आजाराची जाणीव क्वचितच होते. अक्षर तेच, आजार मात्र निराळा. याचे काही कारण अन्न, पाणी, हवा आणि वेळेवर मिळणारी शुश्रूषा यांत आहे, यात शंका नाही. परंतु काही कारण त्या मुलांच्या इतर जनुकांतही आहे. मनुष्याच्या शरीरात प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. त्यांतील कोणती जनुके या आजाराची तीव्रता वाढवितात वा कमी करतात, हे ओळखणे म्हणजे औषध कोठे लागू करावयाचे ती जागा ओळखणे होय.

या शोधासाठी अलीकडे जी पद्धती रूढ झाली आहे, तिची ओळख करून घेणे उद्बोधक ठरेल. प्रथम आजारी आणि निरोगी माणसांचे रक्त घेऊन कोणते जनुक किती काम करीत आहे याचे मोजमाप करतात. त्यातून कमीअधिक झालेल्या शेकडो जनुकांची एक लांबलचक यादी हाती येते. अशा यादीकडे पाहून कोणाही माणसाला काही अर्थबोध होणे कठीण. म्हणून जनुकांचे गट कल्पितात. शरीरातील प्रत्येक मोठे कार्य, उदाहरणार्थ लोह वापरून रक्तद्रव्य बनविणे, जंतूंशी झुंजणे, किंवा जखम भरून काढणे, हे अनेक जनुकांच्या साखळीने पार पडते. अशा साखळीस ‘क्रियामार्ग’ म्हणावे. जपानातील क्योटो येथे १९९५ साली सुरू झालेला ‘केग’ हा संग्रह आणि २००० साली जगापुढे आलेली ‘जीन ऑन्टॉलॉजी’ यांत असे हजारो गट नोंदविलेले आहेत. आता यादीतील जनुके कोणत्या क्रियामार्गात अपेक्षेहून अधिक दाटली आहेत, हे पाहावयाचे असते.

ही ‘दाटी’ म्हणजे काय, ते आठवडी बाजाराच्या दृष्टांताने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या मोठ्या बाजारास पंचक्रोशीतील २०,००० माणसे आली, आणि त्यांपैकी २०० जणांना ताप असल्याचे आढळले. त्या बाजारात एका गावची ४०० माणसे आहेत, म्हणजे शेकडा दोन. तापाचा त्या गावाशी काही संबंध नसेल, तर २०० तापकऱ्यांत त्या गावची सुमारे चार माणसे असावीत. प्रत्यक्षात ती ४० निघाली, तर कोणीही शहाणा मनुष्य त्या गावच्या विहिरीकडे वळेल. जनुकांच्या यादीची परीक्षा नेमकी अशीच होते. मात्र एक सावधगिरी पाळावी लागते. हजार गावे तपासली, तर त्यांतील काही निव्वळ योगायोगानेच तापाची म्हणून पुढे येतील. म्हणून या योगायोगाची वजावट केल्यावाचून कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरीत नाहीत.

वजावटीनंतरही शंभर-दोनशे क्रियामार्ग शिल्लक राहतात, आणि त्यांतील कित्येक एकमेकांचीच नावे बदलून आलेली भावंडे असतात. त्यांचा मेळ घालण्यासाठी चित्र काढतात. २००३ साली जगापुढे मांडलेली ‘सायटोस्केप’ ही संगणकाची आज्ञावली आणि टोरंटो येथील शास्त्रज्ञांनी २०१० साली तिला जोडलेला ‘एन्रिचमेंट मॅप’ हा भाग या कामी जगभर वापरला जातो. या चित्रात प्रत्येक क्रियामार्ग एका वर्तुळाने दाखवितात. त्यात जितकी जनुके अधिक, तितके वर्तुळ मोठे. ज्या दोन मार्गांत काही जनुके समान असतात, त्यांस रेघेने जोडतात. समान जनुके जितकी अधिक, तितकी रेघ जाड. थोड्याच वेळात पडद्यावर एक नकाशा उमटतो. येथे जंतूंशी झुंजणाऱ्या मार्गांचा पुंजका, तेथे रक्तद्रव्य बनविणाऱ्यांचा, पलीकडे एकटेच पडलेले एखादे वर्तुळ. ज्ञानाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय. पण नकाशा पाहणाराच्या मनात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. या साऱ्या गावांत प्रमुख असामी कोण? कोणते जनुक सर्वांत प्रभावी?

येथे नवख्याची फसगत होण्याचे चार प्रकार संभवतात, आणि चारही जाणून घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रकार डोळ्यांचा. मोठे वर्तुळ महत्त्वाचे, असे डोळा आपोआप ठरवून टाकतो. वास्तविक त्या मोठेपणाचा अर्थ एवढाच की, संग्रह करणाऱ्याने त्या गटात पुष्कळ जनुके नोंदविली. शिवाय वर्तुळ हे गटाचे आहे, जनुकाचे नव्हे. प्रभावी जनुक पाहावयाचे तर वर्तुळाच्या आत शिरावे लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत यासाठी सुरेख सोय आहे. गटातील ज्या जनुकांच्या बळावर तो गट वर आला, तेवढीच ‘आघाडीची जनुके’ ती निराळी काढून देते. एखादे जनुक अनेक गटांच्या आघाडीत पुनःपुन्हा दिसू लागले, तर त्याची चौकशी पुढे चालवावी.

दुसरा प्रकार कीर्तीचा. काही जनुकांवर जगात हजारो निबंध लिहिले गेले आहेत. कर्करोगाशी संबंधित असलेले ‘पी-५३’ हे त्यांतील अग्रणी. ज्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले, त्याचे पुष्कळ संबंध नोंदले गेले, आणि म्हणून त्याच्यापासून पुष्कळ रेघा निघतात. ज्यास्तव एखाद्या जाळ्यात रेघांची संख्या मोजून नायक ठरविला, तर कर्त्या जनुकाऐवजी प्रसिद्ध जनुकाच्याच गळ्यात माळ पडण्याचा संभव असतो.

तिसरा प्रकार गर्दीचा. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून अस्थिमज्जा घाईघाईने नव्या, अर्ध्याकच्च्या पेशी रक्तात सोडते. अशा कोवळ्या पेशींत रक्तद्रव्य बनविणाऱ्या जनुकांचे संदेश विपुल असतात. साहजिकच रुग्णाच्या रक्तात हा क्रियामार्ग उसळलेला दिसतो. परंतु एकेका पेशीत ते जनुक अधिक काम करू लागले असे याने सिद्ध होत नाही. तशा पेशींचीच संख्या वाढली आहे. बाजारात एका गावची माणसे दुप्पट आली, म्हणजे त्या गावचा प्रत्येक मनुष्य दुप्पट बोलका झाला असे थोडेच आहे!

चौथा प्रकार सर्वांत विलक्षण. या आजाराचा जो मूळ कर्ता, ते बीटा-ग्लोबिनचे जनुक, या चित्रात बहुधा दिसतच नाही. कारण त्याचा दोष अक्षरात आहे, मात्रेत नाही. आणि ही पद्धती मोजते ती मात्रा. इतकेच नव्हे, तर रक्तातील एकंदर संदेशांत ग्लोबिनच्या संदेशांचाच भरणा इतका असतो की, त्यांच्या गलक्यात इतर जनुकांचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून कित्येक प्रयोगशाळांत मोजणीपूर्वीच ग्लोबिनचे संदेश रक्ताच्या नमुन्यातून गाळून टाकतात. म्हणजे ज्याच्यामुळे सारा खटला उभा राहिला, त्याचेच नाव साक्षीदारांच्या यादीतून प्रथम वगळले गेले! यात गाळणाऱ्यांची चूक नाही. त्यांचा हेतू निराळा असतो. परंतु जो मनुष्य केवळ तयार चित्र पाहून कर्ता ठरवू जाईल, त्याला हे ठाऊक असणे अत्यंत अवश्य आहे.

मग खरा प्रभाव ओळखावा कसा? गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिण भाग ज्यांनी पावसाळ्यात पाहिला असेल, त्यांस याचे उत्तर अर्धेअधिक आपोआप सुचेल. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तेथील पूल पाण्याखाली जाऊन पलीकडच्या गावांचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे येत आली आहे. पूल म्हणजे स्वतः काही वस्ती नव्हे, बाजार नव्हे, कचेरी नव्हे. नकाशावर तो एक सूक्ष्म रेघ असतो. परंतु तो बुडाला म्हणजे धान्य, डाकवाटप आणि डॉक्टर या तिन्हींचा मार्ग एकदम खुंटतो. जाळ्यातील प्रभाव दोन प्रकारचा असतो. एक मोठ्या गावाचा, ज्याला अनेक वाटा मिळतात. दुसरा अशा पुलाचा, ज्याच्यावरून वाटा जाव्याच लागतात. संगणकाच्या आज्ञावल्या हे दोन्ही प्रकार निरनिराळे मोजून देऊ शकतात, आणि जाणत्या संशोधकाने दोन्ही पाहिले पाहिजेत.

तरीही हे सारे अनुमानच होय. पूल महत्त्वाचा आहे की नाही याचा अखेरचा पुरावा तो बुडाल्यावरच मिळतो. त्याप्रमाणे जनुक प्रभावी आहे की नाही, हे ते प्रत्यक्ष थांबवून वा बदलून पाहिल्यावाचून ठरत नाही. या बाबतीत सिकलसेलचा इतिहास आदर्श म्हणावा असा आहे. १९४८ साली न्यूयॉर्कमधील ब्रूकलिनच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांच्या ध्यानात आले की, नवजात अर्भकांच्या रक्तात वाकड्या पेशी फारच थोड्या आढळतात. आईच्या उदरात बाळाचे जे निराळे हिमोग्लोबिन असते, ते त्याचे रक्षण करते, आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरले की आजार डोके वर काढतो. मग हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ओसरते कोणाच्या आज्ञेने? त्याचा उलगडा होण्यास साठ वर्षे लागली. २००७ आणि २००८ साली पुष्कळ माणसांची जनुके पडताळून पाहणाऱ्या अभ्यासांनी दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘बी-सी-एल-११-ए’ या जनुकाकडे बोट दाखविले. याचे नाव तोवर रक्तद्रव्याच्या संदर्भात कोणी विशेष घेत नसे. २००८ सालीच बोस्टन येथील प्रयोगांत मानवी रक्तपेशींत ते दाबून टाकताच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढू लागले, आणि २०११ साली सिकलसेल झालेल्या उंदरांत ते जनुक बंद करताच त्यांच्या आजाराची लक्षणे हटली. पर्लकोटेचा पूल सापडला होता.

मात्र हे जनुक मेंदूच्या वाढीत आणि श्वेतपेशींच्या एका वर्गातही आवश्यक कार्य करते, म्हणून ते सरसकट बंद करणे योग्य नव्हते. २०१३ साली केवळ तांबड्या पेशींत त्याला चालना देणारा लहानसा भाग सापडला. नेमका तोच कापण्याच्या उपचारास २०२३ सालच्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरांहून अधिक ठेवण्यात आली. एटापल्लीच्या वा जिवतीच्या शेतकरी कुटुंबाला ती किंमत म्हणजे काय, हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

तथापि या विषयाचा वनप्रदेशाशी असलेला संबंध केवळ किमतीपुरता नाही. आजवरच्या जनुकयाद्या आणि चित्रे बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या, अमेरिकेत वा युरोपात राहणाऱ्या रुग्णांच्या रक्तावरून तयार झाली आहेत. भारतातील सिकलसेलचे अक्षर तेच असले, तरी त्याच्या आसपासचा जनुकीय परिसर निराळा आहे. १९८६ साली कुलोझिक आणि सहकारी यांनी दाखवून दिले की, पूर्व सौदी अरेबिया आणि भारत येथील रुग्णांत या दोषाची एक स्वतंत्र ठेवण आढळते, जिच्यासोबत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक राहते. त्यावरून भारतातील आजार सौम्य असतो असा एक समज रूढ झाला. परंतु विदर्भातील डॉक्टरांना तीव्र वेदनांनी आणि रक्तक्षयाने ग्रासलेले रुग्ण पुष्कळ पाहावयास मिळाले आहेत. म्हणजे येथे आणखी काही जनुके आणि आणखी काही परिस्थिती आपला प्रभाव गाजवीत असली पाहिजे. आल्फा-थॅलसेमिया हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक दोष येथील समाजांत पुष्कळ आढळतो, आणि तोही सिकलसेलचे स्वरूप बदलतो. दूरच्या लोकांच्या रक्तावरून काढलेला नकाशा या वाटांवर उपयोगी पडेलच, असे गृहीत धरणे अशास्त्रीय ठरेल.

या दृष्टीने चंद्रपूर येथे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने उभारलेले हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र लक्षात घेण्याजोगे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी ते राष्ट्राला समर्पित झाले. पाठोपाठ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस आरंभ झाला, आणि आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा व २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपविण्याचा संकल्प जाहीर झाला. गावातील तपासणी अगदी साधी असते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले व नळीमागील रेघा दिसेनाशा झाल्या की पुढील, अधिक काटेकोर परीक्षेसाठी नमुना रुग्णालयाकडे पाठवितात. अशा लाखो थेंबांमागे माणसे आहेत. त्यांच्या आजाराच्या तीव्रतेची नीट नोंद झाली आणि त्यांच्या संमतीने त्यांच्या जनुकांचाही अभ्यास झाला, तरच येथील नकाशा येथील माणसांवरून काढता येईल.

संमतीचा हा शब्द सहज उच्चारलेला नाही. ज्या मुलीच्या नळीतील द्रावण गढूळ होते, तिच्या विवाहाची बोलणी कधीकधी तेथेच थांबतात. वास्तविक केवळ एकच दूषित अक्षर असलेली व्यक्ती, जिला वाहक म्हणतात, ती सामान्यतः निरोगी असते. दोघेही वाहक असलेल्या पतिपत्नींच्या प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव शेकडा पंचवीस असतो. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असल्यास तो मुळीच नसतो. शिवाय हा दोष कोणत्याही समाजाच्या हीनतेचे चिन्ह नाही. १९५४ साली ॲलिसन यांनी दाखवून दिले की, वाहकांचे मलेरियापासून काही अंशी रक्षण होते. ज्या वनांनी माणसांना मलेरिया दिला, त्याच वनांत या अक्षराने कित्येक बालकांचे प्राण वाचविले, आणि म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. महाराष्ट्रातील मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीने वाहिला आहे, हे येथे आठवावे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा की, संगणकाने काढलेले जनुकांचे जाळे हे चौकशीचा आरंभ होय, निकाल नव्हे. त्यात कोणते वर्तुळ मोठे आहे यापेक्षा ते का मोठे आहे, कोणते जनुक प्रसिद्ध आहे यापेक्षा कोणते थांबविल्याने फरक पडतो, आणि यादीत कोण आहे यासोबतच मोजण्यापूर्वी यादीतून कोणाला वगळले, हे विचारावे लागते. आणि शेवटचा प्रश्न असा की, हे रक्त कोणाचे होते. ज्या दोन भावंडांपासून या विवेचनास आरंभ झाला, त्यांच्यापैकी थोरल्याला लवकर ओळखून औषध, लस, पुरेसे पाणी आणि हायड्रॉक्सीयुरियासारखा उपचार वेळेवर मिळाला, तर त्याच्या वेदना आजही पुष्कळ कमी होऊ शकतात. त्याच्या धाकट्या बहिणीला जे जनुक सांभाळून घेते, त्याचा शोध पुढे चालू राहील. तो शोध लागेल तेव्हा त्यात आलापल्ली आणि धानोऱ्याच्या मुलांच्या रक्ताचाही पुरावा असावा, आणि त्याचा लाभ प्रथम त्यांच्याच दारी पोचावा.